मधली बत्ती

देवानंद मेश्रामला काही विचारायचं तर आधी त्याचा दुपट्टा कोणत्या खांद्यावर आहे ते पाहावं लागे. डाव्या खांद्यावर असला तर माणूस मोकळा. बसा, बोला, घरचं-दारचं सांगा. उजव्या खांद्यावर असला तर माणूस कामात, आणि मग तो तोंडाने "बरं" म्हणाला तरी ते "नाही" असं समजायचं. समोरच्या टपरीवरचा गुप्ता चहावाला नवीन होता तेव्हाची गोष्ट. त्याने येऊन विचारलं, "मेश्रामभाऊ, चाय लाऊं क्या?" देवानंद म्हणाला, "बरं." चहा आला, निवला, त्यावर साय धरली, तरी स्वारीने कपाला हात लावला नाही.

"भैया, आपने ही तो हां बोला था," गुप्ता रडकुंडीला आला.

देवानंदने पडद्यावरची नजर न हलवता उजव्या खांद्याकडे बोट दाखवलं. "बत्ती पाहिली काय?"

हे त्याचं पालुपद. दिवसातून वीस वेळा तरी व्हायचंच. लाइनमनसुद्धा इतक्या वेळा बत्तीचं नाव घेत नसेल.

गोंदियाहून कुडव्याकडे येताना डाव्या हाताला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दोन हजार आठ-नऊच्या सुमारास त्यात एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक टेलिफोन आणि एक देवानंद, एवढा ऐवज होता. झेरॉक्स मी पाहायचो, कॉम्प्युटर तो. लग्नाच्या पत्रिका, तहसीलचे अर्ज, ग्रामपंचायतीचे ठराव, सगळं त्याच्या बोटांतून निघे. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नाही, केस तेल लावून चप्प बसवलेले, आणि शर्टाच्या खिशात कायम लाल पेन. टायपिस्टला लाल पेन कशाला, ते पुढे सांगतो.

कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात तीन बारीक हिरव्या बत्त्या असतात. तुम्ही त्या कधी निरखून पाहिल्या नसतील. देवानंद भेटेपर्यंत मीही पाहिल्या नव्हत्या. तीन बटणांच्या त्या तीन बत्त्या. बटण एकदा दाबलं की लागते, पुन्हा दाबलं की विझते. सगळं जग त्या बटणांकडे दुर्लक्ष करून सुखाने जगतं. देवानंदला मात्र त्यांची दया आली.

"एवढी चांगली बटनं अन् बेकार बसून आहेत गा, विलास," तो मला म्हणाला. "याइले कामाले लावतो."

सायबर कॅफेतून त्याने कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर आणलं. त्यात आपण ओळी लिहायच्या आणि कीबोर्डने त्या ऐकायच्या, असा प्रकार होता. माहिती सगळी इंग्रजीत, आणि देवानंद दहावीला इंग्रजीसाठी दोनदा बसलेला. त्याने ती पानं छापून आणली, शब्दकोश मांडीवर घेतला आणि चार महिने गिऱ्हाईक नसेल तेव्हा ओठ हलवत वाचत बसला. मग एके दिवशी सकाळी त्याने मला खुर्चीजवळ बोलावलं. डावी बत्ती लावून त्याने एक बटण दाबलं, तर पत्रिकेच्या डोक्यावर बुद्धवंदना आली. बत्ती विझवून तेच बटण दाबलं, तर गणपती आला. मग पुढचं बटण. उजवी बत्ती विझलेली असताना ते दाबलं की पत्रिकेचा शेवट आपोआप होई: आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन वगैरे. उजवी बत्ती लावली की तेच बटण तहसीलदाराला अर्ज लिही. एवढं दाखवून तो खुर्चीत मागे रेलला आणि त्याने दुपट्टा डाव्या खांद्यावर घेतला.

"काय लिवलं आहे याच्यात? जर बत्ती लागली तं हे कर, नाई तं ते कर. बस. मानसाइलेबी असंच लिहून ठेवलं पायजे. मंग कोनी कोनावर रुसनार नाई."

दुपट्ट्याची भानगड तिथूनच सुरू झाली. बिरशीच्या विमानतळावरची शिकाऊ पोरं छोटी विमानं घेऊन आमच्या डोक्यावर घरघरत फिरत. विमान आलं की देवानंद टायपिंग थांबवून बाहेर जाई आणि भक्तिभावाने वर पाहत उभा राही. "त्याच्यात किती बत्त्या असतीन गा! तिथं बत्ती न पाहता बटन दाबून दाखव म्हनावं." विमान दिसेनासं झाल्याशिवाय तो आत येत नसे, मग गिऱ्हाईक कितीही खोळंबो.

आता बाईंबद्दल सांगायला हवं. मेश्रामबाई म्हणजे देवानंदची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले आणि याला तिनेच वाढवलं. गोंदियात त्यांचा टायपिंगचा क्लास होता, जुन्या खडखडणाऱ्या मशिनींचा. या जिल्ह्यातल्या कचेऱ्यांमध्ये पन्नाशीतला कोणी कारकून ताठ बसलेला दिसला तर खुशाल समजावं, हा बाईंच्या हातचा आहे. हातात लाकडी पट्टी, खिडकीकडे पाठ, आणि दर पाच मिनिटांनी एकच आरोळी: "पाठ सरळ!" टाईप केलेला कागद दाखवला की पर्समधून लाल पेन निघे आणि चुकलेल्या प्रत्येक अक्षराभोवती गोल पडे. देवानंदच्या खिशातलं लाल पेन ते हेच.

बाईंचे दोन नियम होते. एक, प्रत्येक बोटाची बटणं ठरलेली. दुसऱ्या बोटाच्या बटणाला हात लावणं म्हणजे चोरी. दोन, काम असो-नसो, दोन्ही हात मशीनवर आपापल्या जागी पाहिजेत. नावं त्या लक्षात ठेवत नसत. जो ज्या मशीनवर बसे तो त्याच नंबराचा. मी दोन वर्षं सात नंबर होतो. देवानंद अकरा नंबर. आणि गंमत अशी की बाई त्याला घरीही अकराच म्हणत.

पुढे कॉम्प्युटर आले, मशिनी भंगारात गेल्या, क्लास बंद झाला आणि अकरा नंबर माझ्या दुकानात आला. पण दुपारी एकच्या ठोक्याला दुकानातला टेलिफोन वाजायचाच. मी उचलायचो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "सात नंबर, अकराला विचार, जेवला का?" मी विचारायचो. देवानंद मान वर न करता म्हणायचा, "जेवून राहिलो म्हना." मी तसं सांगायचो. फोन बंद. मग तो डबा उघडायचा. इतक्या वर्षांत या मजकुरात एका शब्दाचा फरक पडला नव्हता.

एका उन्हाळ्यात बाईंना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. सगळं समजायचं, पण तोंडातून निघायचा तो नुसता आवाज. देवानंदने पाटी-पेन्सिल आणून दिली. बाईंनी डाव्या हाताने दोन अक्षरं काढली, ती वेडीवाकडी आली. त्यांनी ती पाहिली आणि पाटी भिंतीवर फेकून मारली. पुन्हा म्हणून पेन्सिल हातात धरली नाही. हे देवानंदनेच मला सांगितलं, तेही उजव्या खांद्यावर दुपट्टा असताना, त्यामुळे पुढे काही विचारायची सोय नव्हती.

एक वाजताचा फोन अर्थातच थांबला. देवानंदचं एक वाजता जेवणंही थांबलं. एकच्या सुमारास तो टेलिफोनकडे बघे, मग बटणं बडवू लागे. डबा कधी चारला उघडे, कधी तसाच परत जाई. मला हे दिसत होतं. पण "जेवला का" हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. ते माझं वाक्यच नव्हतं, असं तेव्हा वाटायचं. आता स्वतःचाच राग येतो. बाईंना भेटायलाही मी गेलो नाही. त्या रूपात त्यांना पाहायची हिंमत होत नव्हती.

पावसाळ्याच्या शेवटी देवानंदने मधल्या बत्तीला हात घातला.

"विलास, या दोन बत्त्या तुझ्या-माझ्या. मधलीले हात लावजो नको."

"काऊन?"

"काम चालू आहे."

हात लावू नको म्हटल्यावर मी अर्थातच लावला. मधली बत्ती लावून एक दाखला टाईप करायला घेतला, तर पडद्यावर निम्मीच अक्षरं उमटत होती. कीबोर्डची उजवी अर्धी बाजू ठार मेलेली! कितीही दाबा, काही नाही. मी घाबरून बत्ती विझवली आणि गुपचूप झेरॉक्सपाशी जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर देवानंद रोज तासभर मधली बत्ती लावून बसू लागला. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचा आणि एकट्या डाव्या हाताने टाईप करायचं. कागद छापायचा, लाल पेन काढायचं, स्वतःच्याच चुकांना गोल करायचे, वर मान हलवून च्यक् च्यक् करायचं. गिऱ्हाइकांत चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं नवस केला आहे, कोणी म्हणालं उजव्या हातात चमक भरली आहे. गुप्ताने तर तेल आणून दिलं. "भैया, ससुराल का है, बहुत असरदार." देवानंदने "बरं" म्हटलं. गुप्ताने या वेळी शहाणपणाने आधी खांदा पाहिला आणि तेल परत घेऊन गेला.

अशात केशोरीचे बिसेनजी आले. मुलाचं लग्न काढलं होतं. त्या दिवशी देवानंद बाईंना डॉक्टरकडे घेऊन गेला होता, म्हणून पत्रिका मीच टाईप केली. त्या वर्षी तुडतुड्याने धान खाल्लं होतं आणि सकाळपासून दुकानात पंचनाम्याच्या अर्जांची रांग लागलेली. म्हणजे उजवी बत्ती लागलेली होती. मी ती पाहिली नाही. नावं टाकली, मुहूर्त टाकला, स्थळ टाकलं, शेवटी ते बटण दाबलं आणि छापायला पाठवून दिलं. बिसेनजींनी कागद तपासला तो आपल्याकडे सगळे तपासतात तसाच: काका-मामांची नावं आली ना, कोणी सुटलं नाही ना. शेवट कोण वाचतो?

लग्न लागल्यावर तिसऱ्या दिवशी बिसेनजी पत्रिका घेऊन दुकानात हजर. मी वाचली. वर चि. आणि चि.सौ.कां. यांचा शुभविवाह करण्याचे योजिले आहे, आणि खाली: "तरी मे. साहेबांनी सदर नुकसानीचा त्वरित पंचनामा करावा, ही नम्र विनंती. आपला विश्वासू, अर्जदार."

"एक पत्रिका तलाठ्याले गेली होती," बिसेनजी म्हणाले. त्यांचा आवाज फार शांत होता, त्याचीच मला भीती वाटली. "तो मांडवात येऊन सगळ्याइच्या समोर विचारते, पंचनामा जेवनाआधी करू का जेवनानंतर? अन् माझा व्याही उठून उभा झाला. म्हनते, आमची पोरगी तुमच्या घरात आली हे तुमचं नुकसान होय काय? दोन तास जेवला नाई तो. मी त्याच्या पाया पडलो जी, पाया!"

मी हात जोडले, पन्नास वेळा माफी मागितली. बिसेनजी गेले तेव्हा देवानंद आपल्या खुर्चीत बसलेला होता. त्याने पत्रिका वाचली, खिशातून लाल पेन काढलं आणि सवयीने शेवटच्या ओळीभोवती गोल केला. मग म्हणाला, "बत्ती पाहिली नाई काय, विलास?"

चूक माझी होती. म्हणूनच मी जास्त भडकलो. म्हणालो, "खड्ड्यात गेल्या तुझ्या बत्त्या! दुकान माझं आहे, नाव माझं जाऊन राहिलं. आजच्या आज तिन्ही काढ. साधा कीबोर्ड पायजे मले, जगासारखा."

देवानंदने दुपट्टा काढून मांडीवर ठेवला. ना डावा खांदा, ना उजवा. असं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"दोन काढतो," तो म्हणाला. "मधली राहू दे. संक्रांतीपर्यंत."

"काऊन?"

"अजून चुका होऊन राहिल्या."

"हातानं टाईप करता येते तुले, दोन हात आहेत. कायले पायजे ते खूळ?"

तो मांडीवरच्या दुपट्ट्याच्या दशा सरळ करत राहिला. मला तरीही कळलं नाही. मी म्हणालो, "आठ दिवस. नवव्या दिवशी मी सगळं पुसून टाकीन." त्याने मान हलवली आणि तिथल्या तिथे डाव्या-उजव्या बत्तीच्या ओळी काढून टाकल्या. चार महिन्यांची मेहनत पाच मिनिटांत गेली. मला वाईट वाटलं, पण राग अजून शिल्लक होता.

ते आठ दिवस तो वेड्यासारखा बसला. माझ्याआधी येऊन कुलपापाशी उभा. गिऱ्हाईक सरलं की उजवा हात मांडीखाली. कागदावरचे लाल गोल रोज कमी होत गेले. सातव्या दिवशीच्या कागदावर एकच गोल होता. आठव्या दिवशी रविवार. दुपारी मी शटर ओढायच्या बेतात असताना तो ऑटो घेऊन आला.

"विलास, कॉम्प्युटर एक दिवस घरी नेऊ काय?"

मी आधी खांदा पाहिला. दुपट्टा नव्हताच.

"काय करून राहिला तू, ते सांग पहिले," मी म्हणालो.

"बाईसाठी आहे गा," तो म्हणाला.

मी तारा सोडवायला घेतल्या. मॉनिटर मांडीवर धरून त्याच्या घरी गेलो. त्याने पलंगाजवळ टेबल लावलं. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. अर्ध्या झाल्या होत्या, पण केस घट्ट विंचरलेले होते. मला पाहून त्यांनी नजर फिरवली नाही, मीच खाली पाहिलं. देवानंदने मधली बत्ती लावली आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे ठेवला.

"बाई, डाव्या हाताची बटनं डाव्याच हाताची आहेत," तो शाळेतल्या पोरासारखा भराभर बोलू लागला. "अन् उजव्या हाताचं अक्षर पायजे असंल तं खालची लांब पट्टी अंगठ्यानं दाबून धरायची अन् डाव्या हाताचं तेच बोट मारायचं. पहिल्या बोटाचं पहिल्या बोटाले, करंगळीचं करंगळीले. कोन्तंच बोट दुसऱ्याच्या बटनावर जात नाई. चोरी नाई, बाई."

बाई कीबोर्डकडे बघत राहिल्या. मग डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा हात मनगटापाशी धरून उचलला आणि कीबोर्डच्या उजव्या बाजूवर, जागेवर, नीट ठेवला. त्या निर्जीव हाताचा सगळा भार बटणांवर पडला. पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही.

"मले मालूम होतं," देवानंद मला हळूच म्हणाला. "तिचा हात जागेवर ठेवल्याशिवाय ती टाईप करनार नाई. म्हनून ती बाजू बंद केली."

इतके महिने मी ज्याला खूळ म्हणत होतो ते हे होतं. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी खिडकीतून बाहेर पाहू लागलो.

पहिला अर्धा तास बाई नुसत्याच चाचपडल्या. एक अक्षर चुकलं की सगळी ओळ पुसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. देवानंद उभाच होता. मी स्टुलावर पोक काढून बसलो होतो. बटणांचा आवाज हळूहळू एका लयीत येऊ लागला. मग तो थांबला. पडद्यावर पहिली ओळ होती:

सात नंबर, पाठ सरळ.

मी ताडकन ताठ झालो. देवानंदला कोणी सांगितलं नव्हतं, तोही झाला. बाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू जराशी हलली. पुन्हा बोटं सुरू झाली, या वेळी जरा भरभर. अंगठा पट्टीवर, बोट वर, अंगठा सुटला, बोट खाली. एकही अक्षर त्यांनी पुसलं नाही.

अकरा, जेवला का?

घड्याळात चार वाजत आले होते. देवानंद पडद्याकडे बघत राहिला. खिशातलं लाल पेन त्याने काढलं आणि परत ठेवलं. नेहमीचं उत्तर त्याला ठाऊक होतं, इतकी वर्षं तेच तर दिलं होतं.

"नाई जेवलो, बाई," तो शेवटी म्हणाला. "लय दिवस झाले."

बाईंनी दोनच शब्द टाईप केले. जेवून घे.

तो आत गेला. ताटाचा आवाज आला, मग बराच वेळ नळाचा. कॉम्प्युटर त्या घरातून परत आणायचा नाही, हे मी तिथेच ठरवलं. दुकानाचं पुढे पाहता आलं असतं. बाई पुढची ओळ लिहीत होत्या, आणि त्यांचं होईपर्यंत मी पाठ सरळ ठेवून बसून राहिलो.